पेरलं त्याच वर्षी

भिलाईच्या सेक्टरांत राहणाऱ्या माणसाला बाग लावायची म्हटली की आधी एक हिशेब करावा लागतो. क्वार्टर अजून किती वर्षं आपल्याकडे आहे? नोकरी संपली की किल्ली परत द्यायची. मागच्या अंगणातला आंबा, चिकू, सीताफळ तिथेच राहतं आणि फळं पुढच्या कुटुंबाच्या ताटात जातात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. आम्हीही आमच्या आधीच्या कुणीतरी लावलेल्या झाडाचे पेरू वर्षानुवर्षं खाल्ले. पण फुलाचं तसं नसतं. आपण लावलेलं फूल आपल्या देवापुढे, आपल्या वेणीत, आपल्या डोळ्यांदेखत यावं असं वाटतंच.

शेजारच्या काकूंनी एका जून महिन्यात मला विचारलं होतं, "यांची नोकरी फेब्रुवारीत संपतेय गं. आता अंगणात काही लावण्यात अर्थ आहे का?" मी त्यांना कागदाच्या तीन पुड्या दिल्या. एकीत गोकर्णीचं बी, दुसरीत गुलबक्षीचं, तिसरीत सदाफुलीचं. मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला आणि त्यांनी बी टाकलं. राखी पौर्णिमेच्या आसपास गोकर्णीची पहिली निळी फुलं आली, गणपतीत गुलबक्षी, नवरात्रात सदाफुली. फेब्रुवारीत सामान बांधताना काकूंनी त्याच झाडांचं बी एका डबीत भरलं आणि गुलबक्षीची दोन गाठाळ मुळंही उकरून घेतली. ती डबी नागपूरला गेली. ही पुस्तिका म्हणजे काकूंच्या त्या प्रश्नाला दिलेलं सविस्तर उत्तर आहे.

पुस्तिकेचा विषय एका वाक्यात सांगायचा तर असा: जी झाडं वर्षानुवर्षं जगतात, तरीही बियांपासून लावली असता पहिल्याच वर्षी फुलतात, ती आपल्या अंगणात कशी लावायची. आपल्याकडे समज असा की बी टाकायचं ते फक्त थंडीतल्या हंगामी फुलांचं, आणि कायमचं झाड हवं असेल तर रोपवाटिकेतून कुंडी आणायची नाहीतर कुणाकडून फांदी मागायची. भिलाईत या समजाला आणखी बळ मिळतं, कारण इथे थंडीतल्या फुलांचा मोठा थाट असतो. पिटुनिया, फ्लॉक्स, ज्याला इथे सगळे डॉग फ्लॉवर म्हणतात ते, आणि त्यांच्या जोडीने मैत्रीबागेतलं फुलांचं प्रदर्शन. जानेवारी-फेब्रुवारीत गावात कुणाकडे किती मोठं फूल आलं याची चर्चा असते. होळी झाली की ऊन चढतं, आणि एप्रिलमध्ये त्याच वाफ्यांत वाळलेल्या काड्या उभ्या असतात. मला ती फुलं आवडतात, दरवर्षी मी ती लावतेही. पण वर्षातले आठ महिने वाफा रिकामा ठेवणं मला पटत नाही.

आता जमिनीबद्दल, कारण इथली बाग तिथेच अडते. छत्तीसगढचा शेतकरी आपल्या जमिनीची चार नावं सांगतो: भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाटा म्हणजे लाल, मुरमाड, पाणी न धरणारी माळाची जमीन. कन्हार म्हणजे काळी, चिकट, भेगाळणारी, आपल्या वऱ्हाडी माणसाच्या ओळखीची. मटासी आणि डोरसा या दोहोंच्या मधल्या. २ फेब्रुवारी १९५५ रोजी इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं, आणि गावं, भातखाचरं आणि माळ होते तिथे कारखाना आणि सेक्टर उभे राहिले. तुमच्या क्वार्टरच्या अंगणात भाटा आहे की मटासी हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नसतं. कुदळ मारून पाहावं लागतं. मुरूम लागला तर फूटभर खणून निम्मा मुरूम बाहेर काढा आणि त्या जागी शेणखत आणि पानांचं कुजलेलं खत भरा. बी पेरून वाढवलेल्या झाडाचा इथे एक मोठा फायदा आहे. कुंडीतून आणलेल्या रोपाची मुळं गोल गुंडाळलेली असतात. जागेवर पेरलेल्या बीचं सोटमूळ मात्र पहिल्या पावसाळ्यातच खाली जातं, आणि पुढच्या मे महिन्यात झाड जगतं ते त्याच्याच जिवावर.

मे महिना हीच इथली खरी परीक्षा. झाडांवरच्या इंग्रजी पुस्तकांत काटक झाड म्हणजे बर्फात तग धरणारं. आपल्याकडे काटक झाड म्हणजे नवतपा सोसणारं. रोहिणीत सूर्य गेला की ते नऊ दिवस दुपारी पारा ४४-४५ अंशांवर असतो, आणि कुंडीतली माती हाताला चटका देते. म्हणूनच 'बहुवर्षायू' हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. तो झाडाचा स्वभाव सांगतो हे खरं, पण त्यापेक्षा जास्त तो झाडाचं आणि जागेचं नातं सांगतो. पिटुनिया आणि डॉग फ्लॉवर ही मुळात अनेक वर्षं जगणारी झाडं आहेत, पण इथल्या उन्हापुढे ती टिकत नाहीत, म्हणून आपण त्यांना हंगामी म्हणतो. उलट आपली सदाफुली युरोपात हंगामी फूल म्हणून विकली जाते, कारण तिथल्या हिवाळ्यात ती मरते. आमच्या फाटकाजवळ एका सदाफुलीचं खोड अंगठ्याएवढं जाड झालं आहे. परदेशी पाकिटावर 'अनेक वर्षं जगणारं' असं छापलेलं असलं तर ते कुठल्या हवेत, हे आधी विचारावं.

त्या पाकिटांमागे विज्ञानाची एक गोष्ट आहे, आणि तिचा धागा भिलाईपर्यंत येतो. थंड देशांतली पुष्कळ बहुवर्षायू झाडं पहिल्या वर्षी नुसती पानं काढतात, एक हिवाळा सोसतात आणि मग दुसऱ्या वर्षी फुलतात. थंडी अंगावरून गेल्याशिवाय त्यांना कळीच धरत नाही. गुस्ताव गासनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९१८ मध्ये राय या धान्यावर प्रयोग करून थंडीची ही गरज नीट मांडली. पुढे १९२९ च्या सुमारास त्रोफिम लिसेन्को याने भिजवलेल्या बियांना थंडी देऊन पेरायची पद्धत सोव्हिएत संघात गाजवली. तिला रशियन भाषेत 'यारोविझात्सिया' म्हणतात. पाश्चात्त्य पुस्तकांतला 'व्हर्नलायझेशन' हा शब्द त्याचाच अनुवाद. थंडीचा परिणाम खरा होता. पण बियांना दिलेली थंडी पुढच्या पिढीत उतरते, हा लिसेन्कोचा दावा खोटा होता, आणि त्या दाव्यापायी सोव्हिएत शेतीशास्त्राचं फार नुकसान झालं. जगभरातून बियाणं गोळा करणारे निकोलाय वाविलोव्ह १९४० मध्ये पकडले गेले आणि १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात वारले. त्यांच्या संस्थेतले लोक लेनिनग्राडच्या वेढ्यात उपाशी मेले, पण साठवलेलं बियाणं त्यांनी खाल्लं नाही. बियांची पुडी हातात घेताना मला त्या माणसांची आठवण येते. ज्यांच्या देशाने आपल्या गावाला भट्ट्या दिल्या, त्या देशाचं हेही देणं आपल्या मुलांना माहीत असावं असं मला वाटतं.

आपल्या कामाची गोष्ट पुढची आहे. बियाण्याच्या कंपन्यांनी गेल्या काही दशकांत अशी रोपं निवडून काढली की ज्यांना थंडीची वाट पाहावी लागत नाही. कोरिओप्सिसचा 'अर्ली सनराइज' हा वाण १९८९ मध्ये ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा मानकरी ठरला, तो पेरलं त्याच वर्षी फुलतो म्हणूनच. एकिनेशियाच्या 'शायेन स्पिरिट'ला तोच मान २०१३ मध्ये मिळाला. थंड देशातल्या माळ्याचं एक वर्ष वाचावं म्हणून हे केलं गेलं. पण ज्या झाडाला थंडीची गरज उरली नाही, त्याला थंडी नसलेल्या गावाचं दारही उघडं झालं. कोरिओप्सिस मी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेरला आणि फेब्रुवारीत वाफा पिवळाधमक झाला. पावसाळ्यात निम्मी झाडं कुजली, उंच गादीवाफ्यावरची राहिली. एकिनेशियाला फूल आलं, पण पहिल्या आषाढातच मूळ गेलं. वर्षाला ११००-१२०० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्यात अशी झाडं टिकवायची असतील तर माती उंच आणि वाळूमिश्रित हवी. तेवढे कष्ट घेण्याइतकं एकिनेशिया मला महत्त्वाचं वाटत नाही. ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी कृती आत दिली आहे.

मला महत्त्वाची वाटते ती सदाफुली. तिला आपण बारमासी म्हणतो, रस्त्याकडेला उगवते म्हणून तिच्याकडे बघतही नाही. मूळची ती मादागास्करची. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर हे संशोधक तिच्या पानांत मधुमेहावरचं औषध शोधत होते. रक्तातली साखर काही उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने कमी झाल्या. त्यातून व्हिन्ब्लास्टिन हाती लागलं, पुढे व्हिन्क्रिस्टिनही मिळालं, आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही वापरतात. म्हणूनच कळकळीने सांगते, साखरेसाठी सकाळी सदाफुलीची पानं किंवा फुलं चावून खाऊ नका. ज्या झाडातून कर्करोगाची औषधं निघतात, ते घरगुती मापाने खायचं झाड नव्हे.

तिचं बी अंधारात रुजतं, आणि पहिल्या दोन खेपांना मला हेच माहीत नव्हतं. बाजारातून एक पाकीट आणलं, वरवर पसरलं, रोज झारीने पाणी घातलं. बारा-पंधरा रोपं उगवली आणि आठवड्याभरात एकेक करत मातीलगत बारीक होऊन आडवी पडली. दुसऱ्या खेपेला बी घरचं होतं, पण जुलैची झड लागली आणि तोच प्रकार. आता मी असं करते. पसरट ट्रेमध्ये निम्मी वाळू, निम्मं चाळलेलं खत. बी टाकून त्यावर बोटाच्या पेराच्या चौथ्या हिश्शाएवढी माती, एकदाच पाणी, आणि वरून ओल्या गोणपाटाचा तुकडा. चौथ्या दिवसापासून रोज सकाळी गोणपाट उचलून पाहायचं. आठव्या ते पंधराव्या दिवसात पांढरे कोंब वाकून वर आलेले दिसतात, त्या क्षणी गोणपाट काढून टाकायचं. नंतर पाणी वरून नाही, ट्रे परातीत ठेवून खालून. पेरल्यापासून साधारण तीन ते साडेतीन महिन्यांत फूल येतं. घरचं बी धरायचं असेल तर जोडीने येणाऱ्या बारीक शेंगा हिरव्याच्या पिवळसर होताच तोडाव्यात. एक दिवस उशीर झाला की त्या फाटतात, आणि तिळाहून लहान काळं बी मुंग्या उचलून नेतात.

गुलबक्षीबद्दल सांगण्यासारखं इतकं आहे की आतलं प्रकरण सगळ्यात लांब झालं आहे. मिऱ्यासारखं काळं, सुरकुतलेलं बी फोडलं की आत पांढरं पीठ निघतं. लहानपणी आम्ही बाहुलीला लावायला त्याची पावडर करत असू. ते बी विषारी आहे, मुलं तोंडात घालणार नाहीत हे पाहावं. ज्याला आपण पाकळ्या म्हणतो, त्या वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पाकळ्या नाहीतच, तो रंगलेला निदलपुंज आहे. मेंडेलचे नियम नव्याने शोधून काढणाऱ्या तिघांपैकी एक असलेल्या कार्ल कोरेन्सने हेच झाड प्रयोगाला घेतलं होतं. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरातून गुलाबी फुलं येतात, आणि त्या गुलाबींच्या बियांतून पुन्हा लाल, गुलाबी, पांढरी तिन्ही. दोन वर्षं हातात असतील तर क्वार्टरच्या कुंपणाकडेला हा प्रयोग कुणालाही करता येईल. दहावीतल्या मुलाला पाठ्यपुस्तकापेक्षा तो लवकर समजेल.

कर्दळीचं बी दगडासारखं असतं. नुसतं पेरलं तर महिनोन्महिने तसंच राहील. एका टोकाला कानशीने घासून आतला पांढरा भाग दिसेपर्यंत ते उघडं करायचं, रात्रभर कोमट पाण्यात ठेवायचं. मग आठवड्या-दोन आठवड्यांत कोंब येतो आणि तीन-चार महिन्यांत फूल. या कवचाची ताकद किती? अर्जेंटिनातल्या एका प्राचीन थडग्यात अक्रोडाच्या कवचाचा खुळखुळा सापडला, त्यात कर्दळीचं बी होतं. कार्बन-१४ पद्धतीने त्याचं वय सुमारे ६०० वर्षं निघालं, आणि ते रुजलं.

मराठी बायका माझ्याकडे सगळ्यात जास्त मागतात ती मात्र अबोली. कोकणातून, गोव्यातून आलेल्या घरांत तर अबोलीच्या वळेसराची आठवण निघाली नाही असा गणपती जात नाही. अबोली बियांपासून येते का? येते, पण सगळी नाही. बाजारात जिला दिल्ली अबोली म्हणतात, त्या मोठ्या भगव्या फुलांच्या झाडाला बी धरत नाही, कारण तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच आहेत. ती फांदीनेच लावावी लागते. साध्या अबोलीला मात्र भरपूर बी येतं, आणि ते मिळवण्याची एक रीत आहे. कणसासारख्या वाळलेल्या तुऱ्यावर तपकिरी बोंडं दिसू लागली की अख्खा तुरा तोडायचा, खोल पातेल्यात ठेवायचा, त्यावर ओल्या हाताने चार थेंब शिंपडायचे आणि वर मलमलीचं फडकं बांधायचं. थोड्याच वेळात पातेल्यातून तडतड ऐकू येते, मोहरी फुटावी तशी. पाणी लागताच बोंड ताडकन उघडतं आणि बी उडवतं. पाऊस आला म्हणजे रुजायची वेळ आली, हे त्या बोंडाला कळतं. ते बी रुजायला तीन आठवडे, कधी महिनाही घेतं. ट्रे टाकून देऊ नका. फेब्रुवारीअखेर पेरलं आणि रोपं मे महिन्यात सावलीत सांभाळली, तर गणपतीला नाही तरी दिवाळीपर्यंत गजऱ्याला पुरेल इतकी अबोली मिळते.

डेलियाचं बी ऑक्टोबरात. प्रत्येक रोपाचं फूल वेगळं निघतं, कारण त्यात गुणसूत्रांचे तब्बल आठ संच असतात आणि दर पिढीत पत्ते नव्याने पिसले जातात. जानेवारीत आवडलेल्या झाडांना चिंधी बांधून ठेवा, झाड वाळलं की कंद काढून कोरड्या वाळूत घाला. जरबेराचं बी ताजं असेल तरच पैसे खर्च करा. पेंटास सोपा. शंकासुर रात्रभर भिजवून पेरला तर वर्षाच्या आत कुंपणावर लाल-पिवळा डोलतो. शेवंतीचा नाद मी बियांपासून केला नाही, ती मुनव्यांनीच लावावी.

हे सगळं मी एकटी शिकले असं नाही. भिलाईत एका रांगेत तेलुगू, बंगाली, मल्याळी, ओडिया, छत्तीसगढी घरं असतात आणि प्रत्येक घरात त्याच झाडाला वेगळं नाव. आमची गोकर्णी बंगाली वहिनींकडे अपराजिता आहे, देवीच्या पूजेत तिच्याशिवाय चालत नाही. अबोलीला समोरच्या अम्मा कनकांबरम म्हणतात, सदाफुलीला बिल्ला गन्नेरु. मल्याळी टीचरांकडे तीच सदाफुली नित्यकल्याणी. बी कुंपणावरून इकडचं तिकडे जातं तेव्हा त्याच्याबरोबर हातखंडाही जातो. खालून पाणी द्यायची युक्ती अम्मांची, गोणपाटाची एका छत्तीसगढी दाईची, राख आणि निंबोळी पेंडेची आमच्या सासऱ्यांची, ते वर्ध्याकडचे शेतकरी. म्हणून प्रत्येक झाडापुढे शेजारच्या भाषांतली नावं दिली आहेत. बी मागायचं तर समोरच्याच्या नावाने मागावं, पटकन मिळतं.

पुस्तिकेची मांडणी झाडांच्या कुळांप्रमाणे नाही, पेरणीच्या तीन वेळांप्रमाणे आहे. पहिली मृग ते आर्द्रा, गोकर्णी, गुलबक्षी, शंकासुर, कर्दळ यांची. सदाफुलीही याच वेळेची, पण आडोशाला, ट्रेमध्ये. दुसरी हस्ताचा पाऊस संपल्यावर, डेलिया, कोरिओप्सिस, जरबेरा, पेंटास यांची. तिसरी महाशिवरात्रीच्या आगेमागे, अबोलीची, आणि पावसाळ्यात चुकलेली सदाफुलीही यात पुन्हा पेरता येते. नक्षत्रांवर लिहिलं आहे, कारण आपल्या घरात कालनिर्णय भिंतीवर असतो आणि पाऊस इंग्रजी तारखा पाळत नाही.

प्रत्येक पानाची उजवी बाजू कोरी सोडली आहे. तिथे तुमच्या तारखा लिहा: पेरलं कधी, कोंब कधी दिसला, पहिलं फूल कधी. माझ्या तारखा मटासीवरच्या आहेत. रिसाली-मरोद्याकडे मुरमाड भाट्यावर त्या आठवडाभर मागे पडतील, दुर्गकडे काळ्या जमिनीत पावसाळ्यातलं बी कुजण्याची भीती जास्त. क्वार्टर सोडायची वेळ आली तर पुस्तिका पुढच्या कुटुंबाला द्या आणि त्यात त्या अंगणाची माती कोणती ते लिहून ठेवा. बी मात्र बरोबर घेऊन जा.